या घरात भूत नाही

आधी एक गोष्ट क्लिअर करते. आमच्या गावच्या घरात भूत नाही. कधीच नव्हतं. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा टाईप करून सांगितलंय की आता 'या घ' टाईप केलं की फोन पुढचं वाक्य आपणच पूर्ण करतो.

घर कोकणात, आम्ही लालबागला. समुद्राच्या अगदी जवळ गाव, जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, मधोमध तुळस, मग पडवी. तिथे माझी आत्या राहते. बाबांची मोठी बहीण. एकटीच असते. म्हणजे आपण म्हणायचं एकटी, तिला विचारलंत तर ती दोन मांजरं, एक गाय आणि गाईची सगळी गाऱ्हाणी मोजून दाखवेल. आत्याचं एकच वेड, स्वच्छता. दिवसातून दोनदा झाडणार, आठवड्याला सारवणार, आणि कलेक्टर जरी आला तरी पाय धुतल्याशिवाय त्याला आत घेणार नाही.

आमच्या गावाला इतिहास भरपूर आहे, हे लहानपणापासून मी शाळेत सगळ्यांना ऐकवायचे. शिवकाळातला किल्ला आहे, त्याचा एक बुरुज पार पाण्यात उतरलाय, किल्ल्याहून जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे. कोणी म्हणजे कोणी यायचं नाही बघायला. चौथीची एखादी सहल यायची, ती पण बुरुजावर डबे खाऊन जायची. आणि आता? आता रोज गाड्या येतात. बुरुजाखाली पार्क करतात, किल्ल्याकडे पाठ करतात आणि विचारतात, "भुताचं घर कुठे?"

कारण पिक्चर. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही पण निघाल.

तर झालं असं. पिक्चरवाल्यांना कोकणातलं जुनं घर हवं होतं, त्यांना आमचं आवडलं. पण आमच्या गावात काहीही करायचं तर परवानगी लालबागला मिळते. हे बाहेरच्यांना समजावताना माझी वाट लागते. आमच्या पणजोबांच्या वेळी गावातले पुरुष गिरणीत कामाला आले, तेव्हा प्रत्येक गावाने मिळून चाळीत एक खोली घेतली. ती गावाची खोली. कोणीही गावाहून यायचा, ट्रंक ठेवायचा, पाळीपाळीने झोपायचा. गिरण्या गेल्या, आमची चाळ पाडून टॉवर झाला, पण दोन गल्ल्या सोडून गावाची खोली अजून आहे आणि त्यात ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांची मीटिंग अजून भरते. गावात पायवाटेला चार दगड लावायचे असले तरी ठराव इथे होतो. गावातले लोक तोपर्यंत चिखलातून चालतात.

शूटिंगचा ठराव एका मीटिंगमध्ये पास झाला. मंडळाच्या अध्यक्षांनी (यांना त्यांची बायकोसुद्धा अध्यक्षच म्हणते) एकच प्रश्न विचारला, "शेवटाक जी नावां येतत, त्यात मंडळाचां नाव येतला काय?" पिक्चरवाले म्हणाले येईल. आलं पण. इतक्या पटकन गेलं की अध्यक्ष थिएटरात झाडूवाले येईपर्यंत बसून राहिले, परत येतंय का बघायला.

आत्याने बाबांना फोनवर विचारलं, "पिक्चर कसलो असा रे?"

बाबा दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "कौटुंबिक."

आता टेक्निकली बघितलं तर त्या भुताला नवरा असतो, सासू असते, दीर असतो. त्यामुळे बाबा खोटं बोलले असं मी म्हणणार नाही.

शूटिंगला मी गेले होते, कॉलेज बुडवून. जे बघितलं ते अजून आठवलं की हसायला येतं. आर्ट डिपार्टमेंटवाली पोरं दिवसभर एका मशीनने पडवीत कोळिष्टकं मारायची, फवारा मारल्यासारखी, एकदम ओरिजिनल दिसायची. भिंतींना काळा रंग, खळ्यात सुका पालापाचोळा. आणि पहाटे आत्या उठून सगळं झाडून, पुसून, सडा घालून मोकळी. पोरं येऊन बघतात तर घर लख्ख. एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, प्लीज, हे मुद्दाम केलेलं आहे."

आत्याने त्याच्या आईला सांगायची धमकी दिली, "मुद्दाम केलंस तर तुझ्या आवशीक सांगतंय. थांब."

शेवटी बाबांना लालबागहून फोन करायला लागला की चार दिवस झाडू हातात घेऊ नको. आत्याने झाडू ठेवला. पण त्या चार दिवसांत ती शेजारणीकडे राहिली. म्हणाली, मला बघवत नाही.

पिक्चर सुपरहिट. शेवटी भूत झालेली ती बाई कंदील घेऊन आमच्या दारात उभी राहते आणि अख्खं थिएटर किंचाळतं, आणि मी त्या अंधारात शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते की हे आमचं दार आहे, तो उंबरा दिसतोय ना, त्यावर मी पडले होते. त्यानंतर कोणीतरी मॅपवर आमच्या घराची पिन टाकली. 'हॉन्टेड हाऊस (ओरिजिनल)'. आणि रिव्ह्यू यायला लागले.

"म्हातारी खूप रिअल वाटते. पैसा वसूल."

"दारातून अचानक एक बाई येते आणि विचारते कुठून आलात. अंगावर काटा आला."

"भूत दिसलं नाही. पाय धुवायला लावले. एक स्टार."

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिने पिक्चर बघितला नव्हता, आम्ही दाखवला नव्हता, आणि तिचा फोन बटणवाला. तिला वाटायचं लोक घर बघायला येतात. रोज संध्याकाळी तिचा रिपोर्ट यायचा, आणि आवाज असा की पहिला नंबर आलाय.

"आज नाशिकसून लोक इल्ले गो चेडवा. घर बघल्यानी, तुळस बघल्यानी. कोकमाचां सरबत दिलंय." किंवा, "परवा दादरच्या तीन बायलो इल्ल्यो. एकीन काळो चष्मो लावलेलो, घरात पण काढूक नाय. सरबत दोनदा मागान घेतल्यान. माका सांगता, दारात कंदील घेवन उभी ऱ्हव, फोटो काढतंय. कंदील कित्याक, दिवसाउजेडी? पण ऱ्हवलंय. पाहुणो म्हणता तर."

मी फोन ठेवायचे आणि आईकडे बघायचे. आई बाबांकडे बघायची. बाबा पंख्याकडे.

आणि मग मध्ये आलं दादाचं लग्न.

माझा दादा म्हणजे एकदम साधा प्राणी. ऑफिस, घर, कॅरम. चौतीस वर्षांत त्याने कोणाला 'तू छान दिसतेस' म्हटलं असेल तर ते आमच्या गाईला. त्याला दादरची एक मुलगी भेटली, वरळीला ऑफिस आहे तिचं, आणि दर शनिवारी दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला लागले. पहिल्या महिन्यात घरी येऊन तो भांडी घासायला लागला. दुसऱ्या महिन्यात शिट्टी. आई म्हणाली, हे लग्न झालं नाही तर हा पोरगा परत कॅरमवर जाईल आणि तिथेच म्हातारा होईल. आम्हाला सगळ्यांना ते इतकं खरं वाटलं की देवासमोर नारळ ठेवून झाला.

मुलगी आणि तिची आई घरी आल्या. आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वडील नाहीत, मोठं एकत्र कुटुंब, सगळे एकाच बिल्डिंगमध्ये. पोहे खाताना मॅडमनी (मी मनात त्यांना मॅडमच म्हणते, दुसरं काही सुचतच नाही) सरळ साधा प्रश्न विचारला, "गाव कुठलं तुमचं?"

बाबांनी अभिमानाने सांगितलं. किल्ला, बुरुज, काळ्या दगडाचं देऊळ. मॅडमनी चष्मा लावला, फोन काढला, गावाचं नाव टाकलं. आणि पोह्यांचा चमचा बशीत ठेवला.

"इथे पहिलंच तुमचं घर येतंय," त्या म्हणाल्या. "आडनावासकट."

"हो का," बाबा म्हणाले.

"भुताचं घर म्हणून."

"अहो ते पिक्चरचं. तसं काही नाही."

"पण लोकांनी लिहिलंय, एक म्हातारी दिसते."

"ती माझी बहीण," बाबा म्हणाले.

त्यानंतर जी शांतता झाली ना, खाली भाजीवाल्याचा तराजू ऐकू आला असता, आणि आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. मुलगी ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती, खांदे हलत होते. दादाचा चेहरा पोह्यांसारखा पिवळा.

मॅडम चांगलं बोलल्या. म्हणाल्या, माझा स्वतःचा भुताखेतांवर विश्वास नाही. पण मला तीन जावा आहेत. आयुष्यभर ऐकवतील, मुलगी भुताच्या घरात दिली म्हणून. आधी तेवढं निस्तरा, मग बोलू.

निस्तरा म्हणजे काय, मी त्याच दिवशी लागले. पिन चुकीची आहे म्हणून रिपोर्ट केली, ती गेली आणि दोन दिवसांत चार नवीन आल्या. मॅपवर घराचं साधं नाव टाकून बघितलं, नामंजूर. मी स्वतः रिव्ह्यू लिहिला की ही माझी आत्या आहे, जिवंत आहे, तर त्याखाली कोणीतरी लिहिलं, "भुताची भाची पण ऑनलाईन आहे."

मग बाबा म्हणाले, मंडळापुढे ठेवू. मी नको म्हणत होते. मी खरंच नको म्हणत होते.

मीटिंग गावाच्या खोलीत. भिंतीवर देवाचा फोटो, खाली सतरंजी, कडेला अजून तीन ट्रंका ज्यांचे मालक कोण हे कोणालाच माहीत नाही म्हणून हलवता येत नाहीत. दादा कोपऱ्यात मान खाली घालून, शाळेत नेल्यासारखा.

"विषय गंभीर असा," अध्यक्ष म्हणाले. "झिलाच्या लग्नाचो प्रश्न म्हणजे गावाचो प्रश्न."

खजिनदार म्हणाले, "आपण देवाक गाऱ्हाणां घालूया."

"गाऱ्हाणां घालूया, पण मॅपवाल्यांका कोण सांगतलो?"

मी म्हटलं, "काका, काही नका करू. थोडे दिवस गेले की लोक विसरतात. दुसरा पिक्चर येईल."

"तवसर ह्याचां वय किती होतला?" खजिनदारांनी दादाकडे बोट दाखवलं. दादाने मान अजून खाली घातली.

अध्यक्षांनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा मोठ्ठं काहीतरी होतं. मागच्या वेळी मिटले तेव्हा गावात एसटी नसताना एसटीचा थांबा झाला होता. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "जाहीर खुलासो. लेखी. घरासमोर."

झालं. आता लालबागमध्ये लेखी म्हणजे काय, तर फ्लेक्स. आमच्याकडे वाढदिवस, दहावी पास, गणपती, निधन, सगळ्याला फ्लेक्स. बाजूच्या गल्लीत जो पोरगा फ्लेक्स करतो त्याच्याकडे टेम्प्लेट तयार असतात, फक्त नाव बदलायचं. मजकूर अध्यक्षांनी सांगितला, "सदर घरात भूत नाही व पूर्वीही नव्हते. पर्यटकांनी नोंद घ्यावी. आपले नम्र, ग्रामस्थ मंडळ, मुंबई." यावर दहा मिनिटांत एकमत. पुढचा दीड तास फोटो कोणाचे आणि केवढे यावर.

शेवटी कमिटीचे आठ फोटो ठरले. अध्यक्ष मध्यभागी, मोठे, कानाला मोबाईल लावून, कारण त्यांचा फ्लेक्ससाठीचा फोटो तोच आहे. आणि बाबांनी, माझ्या भोळ्या बाबांनी, नववा फोटो दादाचा घालायला लावला. खाली 'युवा सल्लागार'.

"कशाला?" मी ओरडलेच.

"त्यांना दिसू दे ना," बाबा म्हणाले, "मुलाला गावात मान आहे."

गावी चाललेल्या खजिनदारांनी गुंडाळी नेली आणि खळ्याच्या तोंडाशी, बांबूला, मस्त ताणून लावला. टेम्प्लेट गणपतीचं होतं त्यामुळे दोन्ही बाजूंना समया, आणि 'भूत' हा शब्द लाल अक्षरात, चमकणारा.

दोन दिवसांत गर्दी डबल झाली. लोक घर सोडून फ्लेक्ससोबत सेल्फी काढायला लागले. मॅपवर घराचा पहिला फोटो आता फ्लेक्सचा. सगळ्यात जास्त लाईक ज्या कमेंटला होते ती अशी: "घरात भूत नाही. नऊच्या नऊ बाहेर बोर्डावर आहेत."

त्या नवांत माझा दादा. कट्ट्यावर बसला तरी लोक वळून बघायला लागले. मुलगी त्याला म्हणाली, "मला भूत चाललं असतं रे. युवा सल्लागार जड जातोय." ती हसत म्हणाली, पण दादाने ते घरी सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्या रात्री त्याने भांडी घासली नाहीत.

मग मॅडमचा फोन. बाबांनी स्पीकरवर टाकला. "तुमच्या मुलाचा फोटो बघितला. माझ्या तिन्ही जावांनी पाठवला, वेगवेगळा. रविवारी येते. समोरासमोर बोललेलं बरं."

शिक्षिका माणूस, नकार पण घरी येऊन देणार. आईने फोन ठेवल्याबरोबर देवासमोरच्या नारळाकडे असं बघितलं की नारळानेच काहीतरी केलंय.

आणि शनिवारी सकाळी, कोणालाही न कळवता, आत्या दारात. एका हातात पिशवी, त्यात कुळीथ, आमसुलं, तांदूळ. दुसऱ्या काखेत फ्लेक्सची गुंडाळी.

"ह्यां कोणाचां?" तिने विचारलं.

बाबा पंख्याकडे बघायला लागले.

"माझ्या घरासमोर बोर्ड लावलास, हय भूत नाय. भूत असा म्हणान बोललो कोण?"

बाबा म्हणाले, "अगो आक्का, तो पिक्चर…"

"कौटुंबिक पिक्चर?"

"कौटुंबिकच. पण थोडा…"

"दाखव," आत्या म्हणाली.

शनिवारभर आम्ही टाळलं. रविवारी जेवणं झाल्यावर ती टीव्हीसमोर जमिनीवर बसली, फ्लेक्स उलगडून अंथरला, त्यावर कुळीथ निवडायला घेतले, आणि म्हणाली, आता लाव. मी लावला. अध्यक्षांच्या कपाळावर कुळथाचा ढीग, खडे दादाच्या फोटोवर. मी तिच्याकडेच बघत होते. भूत आलं तेव्हा ती दचकली नाही. सासू मेली तेव्हा फक्त म्हणाली, "बरां झालां." पण कॅमेरा पहिल्यांदा पडवीत शिरला, ती कोळिष्टकं, तो काळा रंग, खळ्यातला पालापाचोळा, तेव्हा तिचे हात थांबले.

मग अगदी हळू म्हणाली, "ह्यां बघून लोक येतत?"

बाबांनी मान डोलावली.

"म्हणजे मी सरबत देत होतंय, आणि ते भूत बघूक इल्ले. माका वाटला घर बघूक येतत." तिने एक खडा उचलला, उगाच बघितला. "अख्ख्या म्हाराष्ट्रान माझां घर असां बघल्यान."

बाबा उठून खिडकीत गेले. आणि तेवढ्यात बेल वाजली.

मॅडम आणि ती मुलगी. दादाने दार उघडलं आणि बाजूला झाला, शिक्षा ऐकायला उभा राहतात तसा. मॅडमनी आत पाऊल टाकलं आणि समोर साक्षात ती म्हातारी, जमिनीवर, केस सुटलेले कारण जेवायच्या आधी न्हायली होती, मागे टीव्हीवर त्याच घराचं दार पॉजवर.

"पाय धुतलास?" आत्याने विचारलं.

मला वाटलं संपलं. पण मॅडमनी चप्पल काढली, पर्स मुलीकडे दिली, बाथरूममध्ये गेल्या आणि पाय धुऊन आल्या. पस्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस, ऑर्डर ओळखतो.

चहा आला. मॅडमनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "मी स्पष्टच बोलते. मुलगा चांगला आहे. पण आता हे सगळं, तो बोर्ड, तो फोटो… माझ्या तिघी जावा रोज विचारतात, काय गं, भुताच्या घरी पक्कं झालं का. आणि उद्या लग्नात…"

"खंयच्या तुमी?" आत्याने मध्येच विचारलं. ती हे कोणालाही विचारते, कितीही सिरियस चालू असलं तरी.

"दादर," मॅडम म्हणाल्या.

"दादर." आत्याचे हात थांबले. "तीन जावा. एक काळो चष्मो लावता काय? घरात पण?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून. का?"

"सरबत दोनदा पिता?"

मुलीने फोन काढून फॅमिली फोटो आत्यासमोर धरला. आत्याने लांब करून, जवळ करून बघितलं. "हीच. आणि ही. ही पण. दिवाळीच्या आदी इल्ल्यो. हीना माका दारात कंदील घेवन उभी केल्यान. फोटो पाठवतंय सांगितल्यान, अजून पाठवूक नाय. तुमी सांगा तिका."

मॅडमच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते मला लिहिता येणार नाही, पण मी प्रयत्न करते. आधी काहीच नाही. मग लाल. मग एकदम थंड.

"दिवाळीच्या आधी," त्या म्हणाल्या. "तिघी गणपतीपुळ्याला जातो म्हणाल्या होत्या. देवदर्शनाला."

"आई," मुलगी म्हणाली, "जाऊ दे."

"मला विचारलंसुद्धा नाही. वर माझ्याच मुलीच्या सासरी भूत आहे म्हणून मलाच सांगतात." आणि मग जरा थांबून, जरा खालच्या आवाजात, "मला म्हणाल्या असत्या तर मीही गेले असते ना."

आम्ही सगळे बघत राहिलो.

मॅडम टीव्हीकडे वळल्या. "हे दार तेच ना? शेवटी इथेच ती कंदील घेऊन येते. मग तुळशीपाशी जाते आणि तिथे कळतं की मुळात दीरानेच…"

"गप ऱ्हवा," आत्या म्हणाली. "माका बघूचां असा."

"माफ करा," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची सोडून आत्याशेजारी जमिनीवर बसल्या, अर्ध्या फ्लेक्सवर, खजिनदारांच्या फोटोवर. त्यांनी पिक्चर दोनदा बघितला होता हे नंतर मुलीने सांगितलं. दोन्ही वेळा एकट्याने, दुपारचा शो, घरी वाचनालयात जाते सांगून.

उरलेला पिक्चर दोघींनी एकत्र बघितला. मॅडम कुळीथ निवडायला लागल्या, न सांगता. शेवटी कंदील आला तेव्हा मॅडमनी आत्याचा दंड पकडला. आत्या म्हणाली, "भियां नको, दार माझांच असा." आणि नावं सुरू झाल्यावर म्हणाली, "कंदिलाची काच पुसलेली नाय."

मग मॅडम उठल्या, साडी झटकली आणि बाबांना म्हणाल्या, "साखरपुडा तुमच्या गावी करू. त्याच खळ्यात. माझ्या तिघी जावा पहिल्या रांगेत बसल्या पाहिजेत."

दादा स्वयंपाकघरात गेला आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. चहाचे सगळे कप धुतले त्याने, आमचे अजून पिऊन झाले नव्हते तरी.

साखरपुडा झाला. तिन्ही जावा आल्या, रांगेत उभं राहून पाय धुतले, काळा चष्मा पहिल्यांदा काढला कारण आत्याने सांगितलं. त्या दिवशी पण टूरिस्ट आलेच, पुण्याची एक पूर्ण बस. आत्याने त्यांना पण बसवलं, सरबत दिलं, आणि एका पोराने भूत कुठे विचारल्यावर म्हणाली, "आज सुट्टी असा. तू पोटभर जेव." अध्यक्षांनी लालबागला परत येऊन साखरपुड्याच्या फ्लेक्सचा विषय काढला. बाबा पहिल्यांदा आयुष्यात मंडळाला नाही म्हणाले. जुना फ्लेक्स आत्याने गावी नेला, पालथा घालून त्यावर आमसुलं वाळवते. ऊन कडक असेल तर अध्यक्षांचा मोबाईल मागून दिसतो.

पण आत्या अजून थोडी गप्प होती. फोनवर रिपोर्ट छोटे झाले होते. "इल्ले लोक. गेले." एवढंच.

मग एका संध्याकाळी मी मॅपवर नेहमीसारखी बघत होते आणि नवीन रिव्ह्यू दिसला. पाच स्टार. मॅडमचं पूर्ण नाव, पुढे 'निवृत्त मुख्याध्यापिका'. मी तिथल्या तिथे आत्याला फोन लावला आणि वाचून दाखवला.

"हे घर आम्ही आतून-बाहेरून पाहिले. सारवण उत्तम. तुळस उत्तम. पडवीत एकही कोळिष्टक नाही. चित्रपटात दाखवले आहे ते खोटे आहे. पाय धुऊन जावे."

मला वाटलं फोन कट झाला.

"आत्या?"

"परत वाच," ती म्हणाली. "आणि जरा सावकाश वाच गो. तू लय घायेन वाचतंस."